मॅडम, इथं बेरीज की वजाबाकी?

भरतीची जाहिरात जवळ आली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलामुलींच्या तक्रारी ठरलेल्या असतात. झोप लागत नाही, घरचे बोलतात, मैत्रिणीचा अभ्यास पुढे गेला. आणि हमखास ही एक : “बाकीचं गणित जमतं, पण वेग-अंतराचा प्रश्न दिसला की डोकं बंद पडतं. तो धडा सोडूनच देऊ का?” कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या अभ्यासिकांत दिवसभर बसणारी मुलं हे विचारतात, तशी गावाहून रोज ये-जा करणारीही विचारतात. त्यावर मी काय करते ते एका मुलीच्या निमित्तानं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी हातकणंगले तालुक्यातली, पोलीस भरतीची तयारी करणारी. सोबत वडील, टेम्पो चालवणारे. ती तोंड उघडायच्या आत तेच बोलले. “मॅडम, हिचं गणित पहिल्यापासनंच कच्चं हाय. हिचा आत्तेभाऊ बघा, तोंडी करतोय. ह्या धड्याला वेगळा क्लास लावू का, तेवढं सांगा.” मुलगी खाली बघत बसलेली. वडिलांना मी चहाला बाहेर पाठवलं. हा माझा नेहमीचा उपाय आहे, आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याची त्याला हरकत नाही.

मी गणिताची शिक्षिका नाही. उत्तर कुठं चुकलं यापेक्षा चुकताना मूल काय करतं, हे मला बघायचं असतं. म्हणून एक प्रश्न लिहून दिला. कोल्हापूरहून सकाळी ६ वाजता एसटी पुण्याकडे निघाली, वेग ताशी ४० किमी. त्याच रस्त्यानं ७ वाजता कार निघाली, वेग ताशी ६० किमी. कार एसटीला किती वाजता गाठेल?

तिनं घाईनं वाचलं, समासात ‘वेग = अंतर ÷ वेळ’ लिहिलं आणि थांबली. पेन नुसतं आकड्यांवरून फिरत राहिलं. मग पुटपुटली, “समोरासमोर बेरीज, एका दिशेला वजाबाकी... का उलटं?” शेवटी ४० ला १०० नं भागून ‘७ वाजून २४ मिनिटं’ लिहिलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे बघणं. आपलं उत्तर खरं की खोटं हे ठरवायला तिच्याकडे काहीच नव्हतं, म्हणून ती माझा चेहरा वाचत होती. परीक्षेत असा चेहरा मिळत नाही.

नियम तिला पाठ होता. मोबाइलवरच्या कुठल्याशा रीलमध्ये बघितला होता आणि वहीत लाल पेननं चौकटीत लिहिलाही होता. रीलवाल्यांना मी दोष देत नाही, नियम बरोबरच आहे. पण ‘का’ माहीत नसलेला नियम घाबरल्यावर आधी उलटा होतो आणि मग नाहीसा होतो. आकडे धरून ठेवायची मनातली जागा मुळात लहान, आणि ‘आता चुकणार’ हा विचार तीच जागा अडवून बसतो. तिसरी ओळ वाचेपर्यंत पहिली ओळ निसटते, ती यामुळं. त्याचा बुद्धीशी संबंध नाही.

मी बरोबर-चूक काही म्हटलं नाही. विचारलं, “७ वाजून २४ मिनिटांनी कार कुठं असेल?”

“२४ किलोमीटरवर.” ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, हे तिला न सांगता आलं.

“म्हणजे कुठं?”

“किणी टोलनाक्याच्या आसपास.”

“आणि एसटी?”

पहिल्या तासात ४०, पुढच्या २४ मिनिटांत १६. “छप्पन्न... मॅडम, एसटी पेठ नाका सोडून पुढं गेली की!” आणि हसली. “मग कार तिला किणीला कशी गाठंल?”

स्वतःची चूक तिनं स्वतः पकडली होती, तीही सूत्राशिवाय. मग मी तिला मैदानावर नेलं, म्हणजे बोलण्यातून. मुलींना मैदानी चाचणीत ८०० मीटर धावावं लागतं. “किती वेळ लागतो तुला?”

“तीन मिनिटं वीस सेकंद. मैत्रीण पुढं असती, पण शेवटाला गाठतो मी तिला.”

तीन मिनिटं वीस सेकंद म्हणजे २०० सेकंद, म्हणजे सेकंदाला ४ मीटर. मैत्रीण समजा सेकंदाला साडेतीन मीटर धावते आणि आत्ता २० मीटर पुढं आहे. “दर सेकंदाला तुमच्यातलं अंतर कितीनं कमी होतं?”

“अर्धा मीटर.”

“मग २० मीटर भरून काढायला?”

“चाळीस सेकंद.”

“वजाबाकी का केलीस?”

“वजाबाकी कुठं केली? ती बी पळतीया की, मॅडम.”

या उत्तरापुढं मला फारसं शिकवायचं उरलं नाही. मैत्रीण समोरून तुझ्याकडेच पळत आली तर, असं विचारल्यावर ती लगेच म्हणाली, “मग दोघी मिळून अंतर खातोय. सेकंदाला साडेसात.” सापेक्ष वेग एवढाच आहे : दोघांमधलं अंतर एका तासात किंवा एका सेकंदात कितीनं बदलतं. चोर-पोलिसाचा प्रश्न असो की दोन सायकलस्वारांचा, आधी हेच विचारायचं.

एसटीकडे परत आलो. आता मी एकच गोष्ट जास्तीची सांगितली : दोन्ही वाहनं रस्त्यावर धावायला लागली, त्या क्षणाचं चित्र काढ. एक आडवी रेघ, दोन टिंबं. ७ वाजता एसटी ४० किलोमीटर पुढं, कार शून्यावर. तासाला अंतर २० नं कमी होतं. म्हणजे २ तास, ९ वाजता. पडताळा म्हणून एसटीचे ३ तास गुणिले ४० आणि कारचे २ तास गुणिले ६०. दोन्हीकडे १२०. वेगवेगळ्या वेळी निघणाऱ्या वाहनांच्या प्रश्नात बरीच मुलं चुकतात ती भागाकारात नाही, हे चित्र न काढल्यामुळं.

तेवढ्यात वडील आत आले. मी तोच प्रश्न त्यांना तोंडी घातला. त्यांनी क्षणभर छताकडं बघितलं आणि म्हणाले, “नवाच्या सुमाराला. साताऱ्याच्या अल्याडपल्याड.” मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. “पप्पा, कसं काढलासा?” त्यात काढायचं काय, असा त्यांचा चेहरा. पुणे रस्ता त्यांचा रोजचा. गणित आत्तेभावाच्याच घरात आहे, ही समजूत तिथं जरा ढिली झाली असावी.

रेल्वेचे प्रश्न पुढच्या भेटीत घेतले. त्यात दोन अडचणी एकदम येतात, गाडीची लांबी आणि एककं. मी १३० मीटर आणि १२० मीटर लांबीच्या, ताशी ५४ आणि ३६ किमी वेगाच्या दोन गाड्या समोरासमोर आणल्या, तर हिचा आक्षेप : “आमच्या लायनीवर अशा पळतच न्हाईत. एक गाडी क्रॉसिंगला थांबती.” मिरज-कोल्हापूर मार्ग एकेरी, त्यामुळं तिचं म्हणणं खरंच होतं. मग तिथूनच सुरुवात केली. तुझी १३० मीटरची गाडी हातकणंगल्याला उभी आहे, दुसरी ताशी ३६ नं बाजूच्या रुळावरून जाते. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर. किलोमीटरला १००० मीटर आणि तासाला ३६०० सेकंद, म्हणून ५/१८ नं गुणायचं. तुझ्या खिडकीसमोरून ती जायला फक्त तिची लांबी लागते, १२ सेकंद. पण तुझी अख्खी गाडी ओलांडायची तर तिला दोन्ही लांब्या कापाव्या लागतात, २५० मीटर, २५ सेकंद. लांबी कधी मिळवायची, कधी नाही, हा गोंधळ खिडकीत बसल्यावर मिटला. आता तुझीही गाडी चालू कर, ताशी ५४ नं, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. समोरून आली तर १५ अधिक १०, म्हणजे २५ आणि वेळ १० सेकंद. एकाच दिशेनं धावल्या तर वेगातला फरक ५ आणि ओलांडायला ५० सेकंद. समोरची गाडी झटकन जाते, सोबतची रेंगाळते, हे तिनं पाहिलेलं होतंच. उत्तर त्याच्या उलट आलं तर कुठंतरी चिन्ह चुकलंय.

राहता राहिली परीक्षेतली वेळ. पोलीस भरतीची लेखी १०० गुणांची, ९० मिनिटांची, म्हणजे प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद. रेघ काढूनही चित्र उभं राहिलं नाही तर पुढं जायचं, शेवटी परत यायचं. तिथं चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळं कोरं सोडण्यात अर्थ नाही. अशक्य पर्याय खोडून उरलेल्यातला एक निवडायचा. ‘७.२४’सारखा पर्याय बहुधा मुद्दामच दिलेला असतो. मात्र हीच मुलं रेल्वेच्या एनटीपीसीला, म्हणजे बिगर-तांत्रिक पदांच्या भरती परीक्षेलाही बसतात. तिथं पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांना ९० मिनिटंच असतात, पण प्रत्येक चुकीला एक तृतीयांश गुण जातो. त्या पेपरात नुसता अंदाज मारू नये.

क्लास नको म्हणून सांगितलं. घरासाठी एकच पथ्य दिलं : ही गणितं करत असताना आत्तेभावाचं नाव काढायचं नाही. हे पथ्य वडिलांना जड गेलं, असं तिनंच नंतर सांगितलं.

त्यानंतर ती एकटी आली. एककं बदलायला अजून चुकते, म्हणून कच्च्या कामाच्या कागदावर आधीच ५/१८ लिहून ठेवते. या वेळी तिचा प्रश्न वेगळा होता. सांगलीला जाताना वेग ४०, येताना ६०, तर सरासरी ५० का येत नाही? मी म्हटलं, अंतर तू धर, सोपं पडेल असं. तिनं १२० धरलं. सांगली इतकी लांब नाही, पण भागाकाराला बरं. जायला ३ तास, यायला २. एकूण २४० किलोमीटर ५ तासांत. “अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता पुढचा प्रश्न काढला.