जुनी एनग्रेव्हिंग घेताय? आधी भिंग घ्या

एनग्रेव्हिंग म्हणजे तांब्याच्या प्लेटवर रेघा कोरून कागदावर छापलेलं चित्र. ते फ्रेममध्ये असेल तर तसंच घेऊ नका हो, आधी बाहेर काढायला लावा. मी पहिलं घेतलं ते ज्युपिटर या रोमन देवाचं, काचेतून झकास दिसत होतं, घरी येऊन दहापट भिंगाखाली धरलं तर सगळे बारीक ठिपके, म्हणजे हाफटोन, फोटोवरून ठिपक्यांनी केलेली छपाई, पैसे गेले पाण्यात! खऱ्या कोरलेल्या प्लेटच्या छपाईत रेघ सलग असते, टोकाला निमुळती होते आणि शाई कागदावर किंचित उठून येते.

कडेला प्लेटचा दाबलेला ठसा बघा, पण नुसत्या त्याच्यावर विसंबू नका, तो खोटाही उमटवता येतो आणि जुन्या लोकांनी कडा कापल्यामुळे अस्सल प्रिंटवरही कधी कधी नसतो. कागद उजेडासमोर धरा, आडव्या-उभ्या रेघा दिसल्या तर तो बहुधा साच्यात बनवलेला जुना प्रकार, पण जुन्या कागदावर नवी छपाईही होते.

खाली लॅटिनमध्ये 'पिंक्सिट' म्हणजे मूळ चित्रकार, 'स्कल्प्सिट' म्हणजे कोरणारा, 'एक्सकुडिट' म्हणजे प्रकाशक. त्यातही गंमत आहे, डच कोरक गोल्टझियसने फार्नेस हर्क्युलिस या प्राचीन पुतळ्याचं पाठमोरं चित्र कोरलं १५९२ च्या सुमारास पण छापून आलं १६१७ मध्ये, त्यामुळे प्लेटवरच्या सालावरून कोरल्याचं साल ठरवायला जाऊ नका. आणि ओळखीचे चेहरे हवे असतील तर फ्रेंच कोरक नांतोयने कोरलेले फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईचे पोर्ट्रेट बघा, केसांचं काम बघतच राहाल.