दुसरा कान कोणासाठी?

पत्र: मी ५३ वर्षांची गृहिणी आहे. मालगुंडच्या अलीकडे आमचे घर आणि लहानसे आगर आहे. घरात यजमान, सासूबाई आणि मी. दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या मुलीने माझ्या मोबाईलवर पॉडकास्ट लावून दिले, आणि तेव्हापासून रतांबे फोडताना, सुपारी सोलताना, रात्री भांडी घासताना मी ऐकतच असते. इतिहास, ग्रहतारे, कोणा डॉक्टरांची मुलाखत, काहीही चालते. यजमान म्हणतात, तुला व्यसन लागले आहे. ते स्वभावाने फार शांत आहेत, कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून मलाच अपराधी वाटते. वास्तविक हाक आली तर कळावी म्हणून मी एकाच कानात घालते. हे वेड कसे कमी करावे? ता. क. काही मुलाखतींत विचारणाऱ्याचाच आवाज स्पष्ट येतो, उत्तर देणारा विहिरीपलीकडून बोलल्यासारखा वाटतो. मागच्या महिन्यात रेल्वेने मुलीकडे गेले तेव्हा मात्र सगळे नीट ऐकू आले. मोबाईल दुरुस्तीला द्यावा का?

उत्तर: तुमच्या मोबाईलला काहीही झालेले नाही. खरा प्रश्न तुम्ही ता. क. मध्ये ढकलून दिला आहे, तेव्हा मी तुमचे पत्र खालून वर वाचणार आहे.

इअरफोनच्या दोन बोंडांतून येणारा आवाज दर वेळी सारखाच असतो असे नाही. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात डावी बाजू आणि उजवी बाजू वेगवेगळी असते, आणि काही मंडळी मुलाखत तयार करताना विचारणाऱ्याला एका बाजूला आणि पाहुण्याला दुसऱ्या बाजूला ठेवतात, जेणेकरून ऐकणाऱ्याला आपण त्या दोघांच्या मध्ये बसलो आहोत असे वाटावे. तुम्ही एक बोंड कानात घालता आणि दुसरे गळ्याशी लोंबत ठेवता, तेव्हा पाहुणा बिचारा तुमच्या पदराशी बोलत राहतो. दोन वर्षे तुम्ही प्रश्न ऐकत आहात, बाई. उत्तरे पदराने ऐकली आहेत.

गाडीत सगळे नीट ऐकू आले, याचे तुम्हाला नवल वाटते. मला वाटत नाही. रत्नागिरी सोडल्यावर त्या डब्यात तुम्हाला हाक मारणारे कोणी नव्हते, म्हणून तुम्ही दोन्ही कानांत घातले असणार. भोके स्थानक मागे पडले की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा लागतो आणि त्यात भल्याभल्यांची फोनवरची बोलणी तुटतात. तिथेही तुमचा कार्यक्रम तुटला नसेल, तर तो मुलीने आधीच डाउनलोड करून दिलेला असणार. ही सोय शिकून घ्या. नेहमीच्या दर्जाचा अर्ध्या तासाचा भाग साधारण १५ ते ३० एमबी जागा घेतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज आणि रेंज एकमेकींचा हात धरून जातात, तेव्हा आदल्या रात्री उतरवून ठेवलेले दोन भाग कामी येतात.

पॉडकास्ट हा शब्दच मुळी २००४ सालचा; आयपॉड आणि ब्रॉडकास्ट हे दोन शब्द जोडून तो झाला. तुमची-माझी ऐकण्याची सवय त्याच्या पुष्कळ आधीची, आकाशवाणीवर घडलेली. रत्नागिरी केंद्रावर एखादा कार्यक्रम लागला आणि तेवढ्यात कोणी बोलावले, तर परत येईपर्यंत तो संपलेला असे, म्हणून एक कान रेडिओकडे आणि एक कान घराकडे ठेवून आपण निभावून नेले. पॉडकास्ट तसा निघून जात नाही. तो थांबवता येतो, मागे नेता येतो, उद्या ऐकता येतो. यंत्र बदलले, तुम्ही मात्र अजून जुनीच पहाऱ्याची पद्धत चालवत आहात.

आणि पहारा कोणासाठी? सासूबाईंची तक्रार तुमच्या पत्रात कुठेही नाही. त्यांना काही हवे असले, तर घरात त्यांचा मुलगा आहे. त्याला दोन कान आहेत आणि दोन्ही मोकळे आहेत. राहिले यजमान. ते शांत आहेत, हे मला मान्य आहे. परंतु शांत माणसाने हळू आवाजात मारलेली हाकसुद्धा बाईला हातातले काम टाकून उठवतेच, आणि तिच्या पोटात बहुधा पंचा कुठे आहे आणि चष्मा कुठे ठेवला यापलीकडे काही नसते. पंचा दोरीवर असतो. चष्मा पेपराखाली असतो. मी तुमचे घर पाहिलेले नाही, तरी एवढे छातीठोकपणे सांगू शकते.

व्यसनाचे म्हणाल, तर अर्धपोटी माणूस दिवसभर फडताळ उघडून पाहतो, त्याला कोणी खादाड म्हणत नाही. एक भाग झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा, हे तुमचे चालले आहे, कारण त्यातला एकही तुमच्या पदरात नीट पडलेला नाही. (पदर म्हटल्यावर तो पाहुणा पुन्हा आठवला.) त्यामुळे वेड कमी करण्याचा उपाय मी सांगणार नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ नावाची एक सोय असते, ती चालू केली की दोन्ही बाजू एकत्र होऊन एकाच कानात ऐकू येतात. ज्यांना एका कानाने ऐकू येत नाही, त्यांना तिचा मोठा आधार आहे. तुमचे दोन्ही कान धडधाकट आहेत, तेव्हा तुम्ही तिच्या वाटेला जाऊ नका, आणि मुलीने परस्पर ती चालू करून दिली तर तिला माझे नाव सांगून बंद करायला लावा.

उद्या जेवणे आटोपली की मागच्या पडवीत बसा. हातात रतांबे असले तर असू देत. दोन्ही बोंडे कानात घाला आणि विहिरीपलीकडून बोलणाऱ्या त्या डॉक्टरांची मुलाखत पहिल्यापासून लावा. यजमानांना आधी सांगायला जाऊ नका. सांगायला गेलात की ते विचारल्यासारखे होते. रस्त्यावर मात्र एकही बोंड कानात नको, कारण गणपतीपुळ्याकडे निघालेल्या गाड्या आपल्याकडची वळणे सरळ असल्यासारख्या घेतात. पण पडवीतून गाड्या जात नाहीत. तिथे हाक ऐकू आली नाही, तर हाक मारणारा चालत येईल. तो आला की भाग थांबवा, पंचा दोरीवर आहे एवढे सांगा आणि जिथे थांबला होता तिथून पुढे लावा.

मग डॉक्टरांनी काय उत्तरे दिली, ते मला सविस्तर लिहून कळवा. प्रश्न तुम्हाला पाठच असतील.