आजीला कुठे "ठेवायचं" असं का म्हणतो आपण

प्रिय मनू,

रविवारी काका आणि आत्याशी फोन चालू होता तेव्हा तू जिन्यात बसून ऐकत होतीस, आणि नंतर विचारलंस की बाबा, तुम्ही तिघं सारखं "आईला कुठे ठेवायचं" म्हणत होतात, ठेवायला आजी काय बॅग आहे का, मराठीत असंच म्हणतात का? मी कामाचं निमित्त करून टाळलं, पण रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहितोय. सावकाश वाच, अडलं तर विचार.

हो, असंच म्हणतात, आणि मला ते तू विचारेपर्यंत कधी खटकलं नव्हतं. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, वाटण्या झाल्यावर पाळीवर राहायची, म्हणजे चार महिने एका मुलाकडे, चार महिने दुसऱ्याकडे, चार तिसऱ्याकडे. तिची एक हिरवी पत्र्याची ट्रंक होती. आमच्याकडे असताना ती ट्रंक पूर्ण रिकामी झालेली मी कधी पाहिली नाही, लुगडं काढायची, नेसायची, धुऊन वाळलं की घडी घालून परत ट्रंकेत. आई म्हणायची अहो कपाट मोकळंय की, तर म्हणायची कशाला, परत भरायचंच आहे. तिन्ही घरी तिचं सगळं नीट केलं, कुणी वाकडा शब्द बोललं नाही. पण तुम्हाला कुठे राहायचंय असं तिला कुणी विचारलेलं मला आठवत नाही, आणि आम्ही तिघं रविवारी नेमकं तेच करत होतो.

निमित्त तुला माहितीये, आजी साताऱ्याच्या घरात मोरीत घसरली आणि मनगट मोडलं. शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं, आणि आपल्याला आठ दिवस कळलंच नाही कारण व्हिडिओ कॉलवर तिने फोन असा धरला की फक्त चेहरा दिसेल. मग चहाचा कप उचलायला डावा हात पुढे आला तेव्हा आत्याला शंका आली. तेव्हापासून आम्हाला कुणालाच धड झोप नाही.

तू म्हणालीस इकडे अमेरिकेत आणू या. माझ्याही मनात पहिलं तेच येतं. मी इथला नागरिक असल्यामुळे तिचं ग्रीन कार्ड होऊ शकतं, पण मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, पैसे भरून घ्यायचं म्हटलं तरी आधी सलग ५ वर्षं इथे राहावं लागतं, तोवर या वयात इन्शुरन्सचं बघणं फार अवघड आहे, आणि ग्रीन कार्ड घेतलं की वर्ष वर्ष साताऱ्याला जाऊन राहताही येत नाही. व्हिजिटर व्हिसावर आली तर साधारण ६ महिने. मागच्या वेळी आली होती तेव्हा तू आणि मी सकाळी बाहेर पडलो की ती खिडकीशी खुर्ची ओढून बसायची, दुपारी फोन केला की सांगायची आज कचऱ्याची गाडी आली होती. तिथे ती एकटी एसटीत बसून वाईला बहिणीकडे जाते, ७५ च्या वरच्यांना २०२२ पासून महाराष्ट्रात एसटी फुकट आहे, त्याचा तिला केवढा अभिमान आहे, आणि आपण तिला इथे आणून कचऱ्याची गाडी बघत बसवलं.

आणि वृद्धाश्रम म्हटलं की सगळे गप्प का होतात? तुझ्या मैत्रिणीची आजी सिनियर होममध्ये मजेत आहे, खरंय. आपल्याकडे त्या शब्दात मुलांनी टाकलं हा अर्थ बसलाय म्हणून जीभ अडते. पुण्यात आता चांगल्या जागा आहेत, काका एक बघूनही आला, मला त्यात काही वाईट वाटत नाही, फक्त तिचं तिने ठरवलं तर.

आत्याचं तर वेगळंच. ती म्हणते माझ्याकडे येऊ दे, आणि आजी म्हणते लेकीकडे कायमचं कसं राहायचं, जावयाला काय वाटेल. मला हे अजिबात पटत नाही. आईवडिलांना सांभाळायचा २००७ चा कायदा आहे आपल्याकडे, त्यात मुलगा, मुलगी, सज्ञान झालेले नातू आणि नातसुद्धा धरलेत, मुलीला वगळलेलं नाही. आणि एक गोष्ट मी काकाला स्पष्ट सांगितली की घर तिच्याच नावावर राहणार, आत्ता बक्षीसपत्र वगैरे काही नाही, मृत्युपत्र करायचं तर तिच्या मनाने करेल. स्वतःचं दार असलं की माणूस हक्काने नाही म्हणू शकतो.

तुझा प्रश्न डोक्यात होता म्हणून काल मी एकट्यानेच तिला फोन केला आणि विचारलं, आई तुला कुठे राहायचंय. बराच वेळ काही बोललीच नाही, मला वाटलं लाईन गेली. मग म्हणाली पावसात अंगणात शेवाळ धरतं, त्याची भीती वाटते रे, तर चातुर्मास पुण्याला काढते, पण तुळशीच्या लग्नाला मला माझ्या घरी पोचवायचं. मोरीत दांडा बसवायला आणि रात्री सोबतीला बाई ठेवायला हो म्हणाली, कमोडला अजून नाही म्हणतेय. काकाकडे तिच्यासाठी एक कपाट पूर्ण रिकामं करायला सांगितलंय, आणि ते झालं का हे मी येत्या रविवारी व्हिडिओवर बघणार आहे, तू पण शेजारी बस.

तुझा,
बाबा