आधी कोणाचे द्यायचे?

एकट्याने घर चालवणाऱ्या पालकांचे कर्जाविषयीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. मुले ११ आणि ७ वर्षांची, माझ्याकडेच आहेत. पगार हातात ३४,००० येतो. घरभाडे, किराणा-दूध-गॅस, शाळा, रिक्षा, वीज, औषधे मिळून २३,२०० जातात. मुलांसाठी कोर्टाने महिना ८,००० पोटगी ठरवली, ती पाच महिने आलेली नाही. एका क्रेडिट कार्डावर १,४२,००० आणि दुसऱ्यावर ५८,००० थकले आहेत. दोन्हींचे व्याज महिना साडेतीन टक्के, आणि दोन्हींचे मिळून किमान देय सुमारे १०,००० येते. बँकेचे वैयक्तिक कर्ज २,६०,००० बाकी, १६ टक्के, हप्ता ८,९००. पतसंस्थेचे ८०,००० बाकी, हप्ता ३,७००, त्याला ऑफिसातले दोन सहकारी जामीन आहेत. अजून एकही हप्ता चुकलेला नाही, पण एका कार्डावरून रोख काढून दुसऱ्याचे भरते. अडीच तोळ्यांच्या पाटल्या आहेत. सराफ मोडीचे सव्वादोन लाख सांगतो. पाटल्या गहाण ठेवून कर्ज घ्यावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : घरखर्चानंतर तुमच्याकडे १०,८०० उरतात आणि देणे आहे २२,६००. दरमहा ११,८०० ची तूट आहे, ती कार्डावरच्या रोख रकमेने भरली जाते. तुमच्या घरखर्चात छाटण्यासारखे काही नाही. तिघांचे नाशिकमध्ये २३,२०० मध्ये भागते ही काटकसरच आहे. तेव्हा ‘खर्च कमी करा’ हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. बदलायचा आहे तो देण्याचा क्रम.

आधी कार्डांचे गणित पाहा. दोन लाखांवर साडेतीन टक्के म्हणजे महिन्याला ७,००० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,२६०. तुम्ही १०,००० भरता तेव्हा मुद्दलातून फिटतात जेमतेम १,७४०. वर्षाचा दर जीएसटी धरून साडेएकोणपन्नास टक्क्यांच्या आसपास पडतो. शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, आणि रोख काढली की शुल्क वेगळे व व्याज त्याच दिवसापासून. त्यामुळे कार्डावरून रोख काढणे आजच बंद करा. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेले कार्डाचे तपशील काढून टाका, आपोआप पैसे वळते होणारी वर्गणी असेल तर तीही थांबवा.

पाटल्यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. गहाण ठेवून दहा टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळाले तर पन्नास टक्क्यांचे कर्ज दहावर येते, म्हणून बहुतेक जण हाच मार्ग सांगतील. पण तुमच्या आकड्यांत तो बसत नाही. मोठे कार्ड सोनेतारणातून फेडले, तर १,४२,००० चा तीन वर्षांचा हप्ता साधारण ४,६०० येतो. लहान कार्डाचे बँकेने दोन वर्षांचे हप्ते करून दिले, तर १८ टक्क्यांनी तो २,९०० होतो. त्यात वैयक्तिक कर्ज आणि पतसंस्था मिळवली की बेरीज २०,१००. हातात १०,८००. म्हणजे हप्ते थकणार, नोटीस येणार आणि पाटल्या लिलावात जाणार. वर्षाअखेरीला एकरकमी फेडायचे सोनेतारण घेतले तर हेच बारा महिने उशिरा होईल, व्याज साचून.

म्हणून आमचे स्पष्ट मत: पाटल्या मोडा. हा सल्ला देणे सोपे नाही, आईची किंवा लग्नातली वस्तू असेल तर ऐकणेही सोपे नाही. पण मोडीच्या सव्वादोन लाखांतल्या दोन लाखांनी दोन्ही कार्डे शून्यावर येतात आणि महिन्याचे १०,००० चे ओझे पूर्ण उतरते. हे पैसे वैयक्तिक कर्जात भरू नका. ते कर्ज मोठे दिसते, पण त्याचा दर कार्डांच्या एकतृतीयांश आहे.

मोडताना दोन-तीन सराफांकडे वजन आणि शुद्धता यंत्रावर तपासून घ्या, घट किती धरतात ते आधी विचारा, जुनी पावती न्या, आणि पैसे बँक खात्यातच घ्या. सोने २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी कर लागू शकतो. विवरणपत्र भरून देणाऱ्याला आधीच विचारा आणि उरलेल्या २५,००० मधून त्याची तजवीज करा.

कार्ड फेडताना एक चूक हमखास होते. बिलावरची रक्कम भरली की हिशेब मिटला असे वाटते, पण बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या तारखेपर्यंतचे व्याज पुढच्या बिलात येते. ते दुर्लक्षिले गेले की विलंब शुल्क लागते आणि फेडलेल्या कार्डाची थकबाकी दिसू लागते. म्हणून भरण्याच्या दिवशी बँकेला फोन करून ‘आजच्या तारखेला खाते बंद करायला किती’ ते विचारा. एक कार्ड तरी लेखी अर्ज करून बंद करा. बाकी शून्य असेल तर अर्जानंतर ७ कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद करायचे असते, त्यापुढे दिवसाला ५०० रुपये दंड बँकेला लागतो. थकबाकी नसल्याचे पत्र मागून घ्या.

उरली दोन कर्जे. पतसंस्थेचा हप्ता कधीही चुकवू नका. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवू शकते, आणि तो दाखला जामीनदारांवरही चालतो. तुमच्या सहकाऱ्यांच्या पगाराला हात लागला तर नोकरीच्या जागी तोंड दाखवणे अवघड होईल. २५ हप्त्यांत हे कर्ज संपते.

वैयक्तिक कर्जाचे सुमारे ३७ हप्ते राहिले आहेत. हप्ता चुकण्याच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्या: ‘व्याजदर तोच ठेवून मुदत ६० महिन्यांपर्यंत वाढवावी.’ सोबत तीन महिन्यांच्या पगारपावत्या, सहा महिन्यांचा खातेउतारा आणि पोटगीच्या हुकमाची प्रत जोडा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. हप्ता ६,३२० च्या आसपास येईल, पण एकूण व्याज सुमारे ४७,००० ने वाढेल आणि सिबिल अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासात, पुनर्रचनेची नोंद होऊ शकते. बँकेवर हे बंधनकारक नाही. मिळाले तर दोन्ही हप्ते मिळून १०,०२० होतात आणि १०,८०० मध्ये बसतात. नाही मिळाले तर महिन्याला १,८०० कमी पडतील. ते उरलेल्या २५,००० मधून वर्षभर निघतील, पण मग जूनच्या वह्या-गणवेशाला आणि आजारपणाला काही राहणार नाही. तेव्हा आणखी दोन दारे ठोठावावीच लागतील.

पहिले, पोटगी. थकबाकी ४०,००० झाली आहे. हुकूम फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कलम १२५ किंवा आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा असेल, तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. ‘देईल, वाट पाहू’ म्हणत वर्ष उलटले की ही सोपी वाट त्या रकमेपुरती बंद होते. हुकूम हिंदू विवाह कायद्याखाली असेल तर मार्ग वेगळा, दरखास्तीचा, म्हणजे हुकमाच्या अंमलबजावणीसाठी कोर्टात अर्ज करण्याचा. वकिलाची फी नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी १५१००.

दुसरे, बालसंगोपन योजना. आईवडिलांपैकी एकानेच सांभाळलेल्या मुलांसाठी राज्य सरकारची ही योजना आहे, दर मुलामागे महिना २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची. घटस्फोटाचा हुकूम, मुलांचे आधार व शाळेचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, रेशनकार्ड आणि पासबुक लागते. पैसे अनेकदा उशिरा, काही महिन्यांचे एकदम येतात, म्हणून हप्त्याच्या गणितात ते धरू नका.

शेवटचे म्हणजे, पगाराचे खाते आणि कार्ड एकाच बँकेत असेल तर थकबाकी झाल्यावर बँक खात्यातून परस्पर रक्कम वळती करू शकते. कार्ड पूर्ण फिटेपर्यंत पगार दुसऱ्या बँकेत घ्या, मात्र कर्जाच्या हप्त्याची आपोआप वजावट जुन्या खात्यावर असेल तर ती आधी बदला. नाहीतर हप्ता परत जाईल आणि दोन्हीकडून दंड लागेल.

प्रश्न : पतीचे तीन महिन्यांपूर्वी आजाराने निधन झाले. पदरी आठ वर्षांची मुलगी. त्यांच्या क्रेडिट कार्डाचे १,८०,००० बाकी आहेत, वसुलीवाले ‘आता तुम्ही सही करून हप्ते बांधून घ्या’ म्हणतात. त्यांनी एका सावकाराकडून एक लाख महिना पाच टक्क्यांनी घेतले होते. आजवर व्याजाचे १,३०,००० दिले, तरी लाख तसाच उभा आहे. माझ्या नावावर बचत गटामार्फत घेतलेल्या मायक्रोफायनान्स कर्जाचे ४२,००० बाकी आहेत. पतीचा कारखान्यात पीएफ कापला जात होता. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कार्डाच्या कोणत्याही कागदावर सही करू नका. ते कर्ज पतीचे होते. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर वारस म्हणून तुमची जबाबदारी पतीकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच आहे, तुमच्या मजुरीवर किंवा पगारावर नाही. नवा हप्ता बांधून दिलात की तेच कर्ज तुमचे स्वतःचे होते. बँकेला मृत्यूचा दाखला जोडून पत्र द्या, कार्डासोबत विमा होता का ते विचारा, आणि पुढचा पत्रव्यवहार लेखी करा असे कळवा.

आता जे तुमच्या हक्काचे आहे ते गोळा करा. कारखान्याकडून तीन गोष्टींचे अर्ज एकदम करा: पीएफ, विधवा व मुलीचे निवृत्तिवेतन, आणि पीएफसोबतचा ईडीएलआय विमा. हा विमा कमाल सात लाखांपर्यंतचा असतो आणि नोकरीत असताना मृत्यू झाला तर मिळतो. पुष्कळ कुटुंबे पीएफ घेऊन थांबतात आणि विम्याचा अर्ज करतच नाहीत. नामनिर्देशित व्यक्तीला मिळणारी पीएफची रक्कम पतीला कर्ज देणाऱ्यांना जप्त करता येत नाही. पतीचे पासबुक मागचे वर्षभर तपासा: मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आहे, दोन लाखांची. त्याच बँकेत दावा करा.

सावकाराबाबत पहिला प्रश्न: परवाना आहे का? महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारकालाही बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, तारण असेल तर १५. तुमचा दर ६० टक्के आहे. शिवाय व्याजापोटी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, आणि तुम्ही लाखाच्या मुद्दलावर १,३०,००० व्याज देऊन बसला आहात. विनापरवाना सावकारी हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तालुक्याच्या सहायक किंवा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार द्या. दिलेल्या रकमांच्या तारखा, फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, कोरा धनादेश किंवा कोऱ्या मुद्रांकावर सही दिली असेल तर तेही लिहा. धमकी येत असेल तर पोलिसांतही प्रत द्या.

मायक्रोफायनान्सचे कर्ज मात्र तुमचेच आहे, ते फेडायचे आहे. आधी त्या कर्जासोबत पतीचाही विमा काढला होता का ते पाहा. अनेक संस्था पती-पत्नी दोघांचा काढतात, कर्जाच्या नोंदींच्या कार्डावर विम्याच्या हप्त्याची कपात दिसते. विम्यातून फिटत नसेल आणि ईडीएलआयचे पैसे आले, तर हे कर्ज एकरकमी फेडा, मायक्रोफायनान्सला मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसतो. तोवर अडचण झाली तर शाखा व्यवस्थापकाला सांगा. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर त्यांचे लोक वसुलीसाठी फोन करू शकत नाहीत. मुलीसाठी वरच्या उत्तरातली बालसंगोपन योजना तुम्हालाही लागू होते, घटस्फोटाच्या हुकमाऐवजी मृत्यूचा दाखला लागेल.

प्रश्न : पत्नी गेल्यावर मुलाच्या आजारपणात तीन कर्ज-ॲपवरून पैसे घेतले. एकाचे फेडायला दुसरे. आता रात्री दहाला फोन येतात, मुलाच्या शाळेतल्या शिक्षिकेलाही फोन गेला. – एक वाचक, ठाणे

उत्तर : चौथे ॲप उघडू नका. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर कर्ज-ॲपची यादी आहे, तिन्ही नावे तिथे शोधा. यादीत असेल तर त्यामागची बँक किंवा वित्तसंस्था जबाबदार धरता येते. थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करणे, नातेवाईक-ओळखीच्यांना त्रास देणे याला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. फोनच्या वेळांचे स्क्रीनशॉट आणि शिक्षिकेचा दोन ओळींचा लेखी जबाब जोडून त्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फी नाही, माहितीसाठी १४४४८.

यादीत नाव नसेल, फोटो विद्रूप करून पाठवण्याची धमकी असेल, तर पैसे न पाठवता १९३० वर सायबर तक्रार नोंदवा. ॲपला दिलेली संपर्कयादी आणि फोटोंची परवानगी फोनच्या सेटिंगमधून काढा, मगच ॲप काढून टाका. आधी ॲप काढले तर कर्जाचा करार आणि खात्याचा तपशील हातून जातो, तेव्हा त्यांचे स्क्रीनशॉट सर्वांत आधी घ्या.