1988 ची प्रीमियर 118 एनई क्लासिक कार शोला न्यावी का? तयारी काय करावी?

खुशाल न्या. वडिलांची गाडी ब्यूक-मर्सिडीजच्या रांगेत हसण्यावारी जाईल का, ही तुमची शंका रास्त आहे. पद्मिनीला काळीपिवळीची पुण्याई आहे, काँटेसाला रुबाब आहे, 118 एनईला दोन्ही नाही. पण ती हसण्यावारी जाते ती कधी? अलॉय व्हील, मेटॅलिक रंग आणि नवे रेक्झिनचे सीट चढवून नेली तर. कारखान्यातून आली तशी उभी केली, तर जाणकार माणूस हमखास थांबतो, कारण अशी धड, न छेडलेली 118 एनई आता क्वचितच दिसते. तेव्हा पैसा घालायचा तो असलेलं टिकवण्यात.

आधी कागदपत्रं. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा 30 वर्षांची अट धरते, ती तुमची गाडी 2018 मध्येच ओलांडून गेली. पण आपल्याकडच्या 2021 च्या नियमांतली 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज नोंदणी 50 वर्षांनंतर, म्हणजे तुमच्यासाठी 2038 ला. तोवर कायद्याच्या लेखी ही साधी जुनी गाडी. आरसीचं दर 5 वर्षांचं नूतनीकरण, विमा, पीयूसी, सगळं चालू हवं. पीयूसीत या काळच्या पेट्रोल गाडीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइड 3 टक्के आणि हायड्रोकार्बन 1500 पीपीएमची मर्यादा आहे. त्यात बसत नसेल तर बहुधा चोक अर्धवट अडकलाय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागेल. एमएच सुरू होण्याआधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर तो दागिना आहे, नोंदणी लॅप्स होऊ देऊ नका. प्रत्येक शोच्या प्रवेशाच्या अटी वेगळ्या असतात, गाडीचे चारही बाजूंचे फोटो पाठवून आधीच विचारून घ्या.

आता पत्रा. फ्रीजवरचं चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि फूटबोर्डावरून फिरवा. चिकटत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. डिकीतली स्टेपनी काढून तळ बघा, पुढची मॅटिंग उचलून पायाखालचा पत्रा बघा, बॅटरीचा ट्रे बघा. काचेच्या बीडिंगखाली (कडेच्या रबरी पट्टीखाली) पाणी साचून आतून गंज धरतो आणि रंगाला फोड येतो. तो फोड नुसता घासून वर रंग मारला तर एका पावसाळ्यात परत येतो. बीडिंग काढून पत्रा उघडा करावाच लागतो. कोकणात वाढलेली गाडी असेल तर हे आधी, बाकी सगळं नंतर.

मूळ रंग शाबूत असेल तर पुन्हा रंगवू नका. त्या काळच्या साध्या रंगावर क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, नसतो, म्हणून पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो. घाबरायचं कारण नाही, पण हात आवरता घ्यायची ती खूण आहे. बॉनेटच्या आणि दारांच्या धारांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे मशीन लावण्याआधी मास्किंग टेप मारा, नाहीतर क्षणात प्रायमर दिसतो. थोडे ओरखडे चालतात. एक नवा चकचकीत पॅनेल आणि बाकी मंद गाडी, हे मात्र लगेच डोळ्यात खुपतं. जमवाजमव करायची ती हबकॅप, मूळ नॉब, टूल किट, हँडबुक यांची. पुण्याचा जुना बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घाला. तुटका मूळ नॉबसुद्धा घेऊन ठेवा, साचा म्हणून उपयोगी पडतो.

इंजिन या गाडीची जमेची बाजू आहे: निस्सानचं ए12, 1171 सीसी. व्हॉल्व्ह क्लिअरन्स गरम इंजिनवर 0.35 मिमी, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप 0.45 ते 0.55 मिमी. ही गाडी दगा देते ती मिरवणुकीच्या चालीत. वेग 10 किमी, वर ऊन, वॉटर पंप हळू फिरतोय, आणि तापमानाची सुई लाल रेघेकडे सरकते. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मेकॅनिक देतील, तो ऐकू नका. रेडिएटर आतून साफ करून घ्या, फॅनबेल्टचा ताण तपासा, एसी असेल तर बंद ठेवा. इग्निशनचा कंडेन्सर (एसीचा नव्हे) उष्णतेत दगा देतो आणि वीस मिनिटांनी गार झाला की शहाण्यासारखा चालतो, म्हणून दोष सापडत नाही. पॉइंट, कंडेन्सर, फॅनबेल्ट आणि फ्यूज डिकीत असूच द्या.

सध्याच्या ई20 पेट्रोलकडे मात्र दुर्लक्ष नको. जुने रबरी पाइप त्यात मऊ पडतात, त्यांचा भुगा कार्ब्युरेटरच्या नीडल व्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि पेट्रोल ओसंडतं. गरम इंजिनवर ओसंडलेलं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. पाइप एसएई जे30 आर9 दर्जाचे घ्या, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅमही (आतला लवचिक पडदा) बदला, आणि 2 किलोचं अग्निशामक सीटखाली ठेवा. गाडी पंधरा दिवसांतून एकदा तरी चालवा, कारण इथेनॉल ओलावा ओढतं आणि उभ्या गाडीच्या टाकीला आतून गंज चढतो.

टायरवरचा चार आकडी कोड बघा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसो, बाजूला बारीक चिरा असतील तर बदला.

शोच्या दिवशी इंजिनखाली पुठ्ठा टाका, ऑइलचा थेंब मैदानावर दिसता कामा नये. बॉनेट उघडं ठेवा, डॅशबोर्डवर चमकणारं सिलिकॉन स्प्रे मारू नका. आणि काचेवर ए4 कागद लावा, त्यावर तीनच ओळी: 'आराखडा फियाट 124 चा, 1967 ची युरोपियन कार ऑफ द इयर. इंजिन निस्सानचं. बांधली प्रीमियरनं.' रशियाची लाडा हिचीच चुलत बहीण, हे मात्र लिहू नका. बघणारा विचारेल, तेव्हा सांगायला काहीतरी शिल्लक हवं.