टाकीतला गॅस, माठातलं पाणी

मार्च लागला की तेच ते प्रश्न यायला लागतात. तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, म्हणून लोक विश्वासानं विचारतात. पण तोवर कोणा दुकानदाराचं किंवा शेजाऱ्याचं ऐकून अर्धं काम बिघडवून बसलेले असतात. आधी विचारत जा.

मे महिन्यात माठातलं पाणी गारेगार, आणि ऑगस्टात तोच माठ कोमट. माठ खराब झाला का? (आर्वी)

माठ चांगला आहे. पाझरलेलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं गार होतं. पावसाळ्यात हवाच ओली असते, पाझरलेलं पाणी उडत नाही.

कूलर लावताना खोली बंद ठेवायची का? दुकानदार म्हणतो, बंद ठेवा आणि पाण्यात बर्फ टाका. (दिग्रस)

दोन्ही चूक. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता उचलतं, आणि एक किलो बर्फ वितळताना फक्त ३३४. म्हणजे बर्फाचे पैसे पाण्यातच. खोली बंद ठेवली की हवा दमट होते आणि पाणी उडायचं थांबतं. समोरची एक खिडकी उघडी हवीच. टाकीत पाणी भरताना आधी प्लग काढा, आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

नवं सिलिंडर लावल्यापासून संपत येईपर्यंत ज्योत सारखीच असते. मग गॅस कमी भरलाय हे ओळखायचं कसं? (मेहकर)

ज्योतीवरून ओळखता येत नाही. आत द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमानावर ठरतो, द्रव किती उरलाय यावर नाही. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं, त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवा आणि पोचवणाऱ्याला दारातच काट्यावर ठेवायला सांगा. कमी भरलं तर घेऊ नका, एजन्सीत तक्रार करा.

मुलगा अमरावतीला खोली करून शिकतो. गॅसची दोन किलोची छोटी टाकी बाजारातून भरून आणतो. भरणारा म्हणतो, 'काठोकाठ भरून देतो, भाव तोच.' फायद्याचंच ना? (दर्यापूर)

नाही हो, नाही. हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो.

टाकीत खाली द्रव आणि वर वाफ असते. ही वरची मोकळी जागा म्हणजे भरणाऱ्यानं मारलेलं माप नव्हे. तिच्यावरच जीव तगून असतो. ऊन तापलं, पारा २५ वरून ४५ वर गेला, की वाफेचा दाब दीड पटीहून जास्त होतो. चांगली टाकी तेवढा सोसते. पण द्रवही फुगतो, तोही पाण्याच्या सुमारे दहापट. त्याला फुगायला जागाच नसेल तर तो थेट पत्र्याला रेटतो, आणि मग एकेका अंशाला दाब कित्येक वातावरणांनी (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) चढतो. त्यापुढे कोणताही पत्रा टिकत नाही. फुटल्यावर एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर गॅस होतो. हवेपेक्षा जड असल्यानं तो जमिनीलगत पसरत शेगडीपर्यंत जातो.

मागे एका विद्यार्थ्याच्या खोलीवर गेलो होतो. वर टिनाचं छप्पर, दुपारचे दोन. कोपऱ्यातली टाकी उचलली तर आत काहीच डचमळलं नाही. तोंडाशी गळती दाबायला साबण थापलेला. टाकीवर ना रिकाम्याचं वजन, ना तपासणीची तारीख. शेगडी विझवली, टाकी बाहेर लिंबाच्या सावलीत नेली आणि जाणकार माणूस येईपर्यंत मी तिथून हललो नाही.

अशी भरणी बेकायदाच आहे. कंपनीची ५ किलोची टाकी ओळखपत्र दाखवून मिळते, तीच घ्या. तपासणीची मुदत तिच्यावर असते: ए-२७ म्हणजे २०२७ च्या जानेवारी ते मार्चपर्यंत, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं पुढे. आणि थंडीत ज्योत बारीक झाली म्हणून टाकी गरम पाण्यात ठेवू नका. वास आला तर दारं उघडा, बटणांना हात लावू नका, बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा. मुलाला आजच फोन लावा. परीक्षा झाल्यावर नव्हे, आजच.

फवारणीनंतर वास गेला की कपाशीत शिरायला हरकत नाही ना? (मारेगाव)

हरकत आहे. वास बरेचदा औषध ज्यात कालवलेलं असतं त्या द्रावकाचा असतो, तो चटकन उडतो. विषाचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडायचा जोर, मात्र फार कमी असू शकतो. ते पानावर बसून राहतं आणि घामेजल्या कातडीतून आत जातं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यानं फवारणीतली माणसं गमावली आहेत. किती दिवस थांबायचं ते डब्यावरचा कागद वाचून कृषी सहायकाला विचारा. मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारलं तर लिंबूपाणी पीत बसू नका; डबा सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

चिखलदऱ्याला डाळ लवकर शिजत नाही. तिथलं पाणी जड आहे म्हणतात. (परतवाडा)

दोष पाण्याच्या माथी मारू नका. अकराशे मीटर उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकर लावा, शिट्टी नीट वाजत नसेल तर तो आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा.