वाचकांचे प्रश्न : ब्रिटनची गाडी, जपानची गाडी आणि आपली लोकल

प्रश्न : माझा भाऊ मँचेस्टरला नोकरी करतो आणि मावसबहीण ओसाकाला असते. भावाचा फोन आला की गाडी रद्द झाल्याची किंवा अर्धा तास खोळंबल्याची तक्रार ठरलेली. बहीण सांगते की तिकडे दोन मिनिटे उशीर झाला तरी उद्घोषणेतून क्षमा मागतात. रेल्वे जन्मली इंग्लंडमध्ये, जपानने ती इंग्रजांकडून शिकून घेतली आणि पुढे खासगीकरणही दोन्ही देशांनी केले. मग एवढी तफावत का? जपानी माणूस जात्याच शिस्तीचा, एवढेच त्याचे उत्तर मानायचे का?
एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : शिस्तीचा वाटा नाकारता येणार नाही, परंतु तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. मुंबईकरांनी तर ते मुळीच स्वीकारू नये, कारण दोष माणसांच्या स्वभावावर ढकलला की रुळांकडे, सिग्नलकडे आणि वेळापत्रकाकडे पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. जपानची पहिली रेल्वे १८७२ साली शिंबाशी ते योकोहामा अशी सुरू झाली आणि तिच्या उभारणीचे काम एडमंड मोरेल या इंग्रज अभियंत्याने हाती घेतले होते. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्याच्या एकोणीस वर्षे आधी, १८५३ साली धावली होती. आरंभीच्या दशकांत जपानी गाड्यांना आजचा वक्तशीरपणा नव्हता. तो पुढे नियोजनाने, आणि पुष्कळ पैसा खर्चून, आणला गेला.

खासगीकरण दोन्हीकडे झाले हे खरे, पण वाटणीची रीत अगदी वेगळी होती. जपानने १ एप्रिल १९८७ रोजी राष्ट्रीय रेल्वेची प्रदेशवार सहा प्रवासी कंपन्यांत विभागणी केली आणि मालवाहतुकीसाठी सातवी कंपनी काढली. काही अपवाद सोडले तर त्या त्या प्रदेशातील रूळ, सिग्नल, स्थानके, डबे आणि चालक हे सारे एकाच प्रवासी कंपनीच्या हाती राहिले. ब्रिटनने १९९३ च्या कायद्याने रूळ आणि सिग्नल रेलट्रॅक या कंपनीकडे दिले, डबे व इंजिने भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडे गेली, गाड्या चालवण्याचे ठेके पंचवीसएक कंपन्यांत वाटले गेले आणि रुळांची देखभाल कंत्राटदारांकडे सोपवली गेली. गाडी उशिरा आली की तो उशीर कोणाच्या खात्यावर टाकायचा हे आधी ठरवावे लागे, कारण कोणी कोणाला किती पैसे द्यायचे हे त्यावर अवलंबून असे. त्यासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमले गेले आणि ही पद्धत पुढेही चालू राहिली.

या वाटणीचे सर्वांत दुःखद फळ १७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनच्या उत्तरेस हॅटफिल्ड येथे दिसले. भरधाव गाडीखाली रूळ फुटला आणि चार प्रवासी दगावले. त्या रुळाला बारीक तडे गेले आहेत हे आधीपासून माहीत होते, इतकेच नव्हे तर बदलायचा नवा रूळ कित्येक महिने आधी तेथे आणून मार्गालगत ठेवलेला होता. रूळ होता, माणसे होती, पण वाहतूक थांबवून तो बसवण्याचा निर्णय कंपनी आणि कंत्राटदार यांच्यामध्ये अडकून पडला. असे तडे आणखी कोठे आहेत याची नीट नोंद नसल्याने देशभर वेगमर्यादा लावाव्या लागल्या आणि वेळापत्रक कित्येक महिने कोलमडले. पुढच्याच वर्षी रेलट्रॅक दिवाळखोरीत निघाली व २००२ पासून रूळ नेटवर्क रेलकडे आले. प्रवासी गाड्याही ठेक्यांची मुदत संपेल तशा पुन्हा सरकारी मालकीत घेण्याचा कायदा ब्रिटनने २०२४ मध्ये केला आणि मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वेपासून त्याची सुरुवातही झाली.

मात्र मालकी एक झाली म्हणजे गाडी वेळेवर येते, असे मला वाटत नाही. आपली लोकल केंद्र सरकारच्या एकाच रेल्वेची आहे, तरी आपण इंडिकेटरकडे डोळे लावून उभे असतोच. खरी अडचण रुळांवरच्या गर्दीची आहे, आणि आपल्या भावाचे मँचेस्टर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. तेथील पिकॅडिली स्थानकाचे १३ आणि १४ क्रमांकाचे फलाट आणि डीन्सगेट स्थानक यांच्यामध्ये जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे अवघे दोन मार्ग आहेत. उपनगरी गाड्या, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या यांना त्याच दोन मार्गांवरून जावे लागते. २०१७ च्या डिसेंबरात एक नवा जोडमार्ग खुला झाला, त्यामुळे या भागातून आणखी गाड्या नेता आल्या. त्यांच्यासाठी योजलेले दोन जादा फलाट मात्र बांधले गेले नाहीत. मे २०१८ मध्ये नवे वेळापत्रक लागू केले तेव्हा विद्युतीकरणाचे काम मागे पडलेले होते, चालकांचे नव्या मार्गांवरील प्रशिक्षण अपुरे होते, आणि उत्तर इंग्लंडमधील गाड्या शेकड्यांनी रद्द झाल्या. एक मालगाडी चार मिनिटे अडली की तिच्यामागे सारी रांग अडते. कल्याणच्या पुढे कसारा किंवा कर्जतकडे जाणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

जपानने ही गाठ मुळापासून सोडवली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो-ओसाका शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, सुरू झाली ती १,४३५ मिलिमीटर रुंदीच्या सर्वस्वी वेगळ्या मार्गावर. जुने जाळे १,०६७ मिलिमीटरचे असल्याने मालगाडी किंवा लोकल त्या मार्गावर येऊच शकत नाही. तेथे एका गाडीमागचा वर्षाचा सरासरी उशीर मिनिटभराच्या आसपास राहतो, याचे मोठे श्रेय या विभक्त मार्गाला आहे. शिंकान्सेनचे कौतुक सर्वत्र होते. त्याच काळात टोकियोच्या उपनगरांत झालेल्या कामाची मात्र आपल्याकडे फारशी कोणी आठवण काढत नाही. साठच्या दशकाच्या मध्यापासून पुढे दीडएक दशक राष्ट्रीय रेल्वेने टोकियोकडे येणाऱ्या पाच प्रमुख मार्गांवर रूळ वाढवले, जलद आणि धिम्या गाड्या वेगळ्या केल्या, लांब पल्ल्याच्या आणि उपनगरी वाहतुकीची फारकत केली. मुंबईने टोकियोकडून काही घ्यायचे असेल तर ते हे आहे, असे मी आग्रहाने म्हणेन. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली हे त्याच दिशेचे पाऊल आहे. ती मार्गिका कुर्ल्याच्या पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत पोहोचायला हवी.

या कामांची किंमतही सांगितली पाहिजे. १९८७ मध्ये जपानच्या राष्ट्रीय रेल्वेवर सुमारे ३७ लाख कोटी येनचे कर्ज होते आणि अशा बांधकामांचाही त्यात वाटा होता. त्यातील मोठा भाग नव्या कंपन्यांच्या डोक्यावर न ठेवता सरकारने वेगळा काढला आणि अखेर त्याचा बराचसा बोजा करदात्यांवर आला. म्हणजे नव्या कंपन्यांना तयार रूळ मिळाले, त्यांचे सगळे कर्ज मिळाले नाही. शिवाय दाट वस्तीचा प्रदेश ज्यांच्या वाट्याला आला त्यांचे चांगले चालले. विरळ वस्तीच्या होक्काइडोतील कंपनीने २०१६ मध्ये जाहीर केले की आपल्या जाळ्याचा जवळपास निम्मा भाग एकट्याच्या बळावर चालवणे कठीण आहे.

देखभालीचेही एक वाक्य जोडतो. शिंकान्सेनवर मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत प्रवासी गाडी नसते आणि रोजची ती मोकळीक रुळांच्या कामाला मिळते. ब्रिटनमध्ये अशी कामे बरीचशी रविवारी आणि सणासुदीच्या सुट्ट्यांत मार्ग बंद ठेवून होतात, आपल्याकडे रविवारचा मेगाब्लॉक असतो तशी.

प्रश्न : जपानमध्ये गाडी उशिरा आली तर कचेरीत दाखवायला चिठ्ठी मिळते आणि इंग्लंडमध्ये म्हणे पैसेच परत मिळतात. यातले काय खरे?
एक वाचक, वसई

उत्तर : दोन्ही खरे आहे, आणि या बाबतीत ब्रिटन पुढे आहे. तेथील बहुतेक कंपन्यांच्या गाड्यांना पंधरा मिनिटे उशीर झाला तर एकेरी तिकिटाचे २५ टक्के, अर्ध्या तासाला निम्मे आणि तासाभराला पूर्ण पैसे मागता येतात. जपानमध्ये लोकलच्या प्रवाशाला उशिराचा दाखला मिळतो, कित्येक कंपन्यांचा तो संकेतस्थळावरूनही उतरवून घेता येतो. पैसे मात्र लांब पल्ल्याची जलद गाडी दोन तास किंवा अधिक उशिरा पोहोचली तरच परत मिळतात, आणि तेही फक्त जलद गाडीच्या अधिभाराचे. आपल्याकडे आरक्षित तिकिटाची गाडी तीन तासांहून अधिक उशिराने सुटणार असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर पूर्ण परतावा मागता येतो. लोकलच्या पासधारकाला यातले काहीच नाही. निदान दाखल्याची सोय करायला फार खर्च येणार नाही, आणि हजेरीपटावर लाल शेरा बसणाऱ्या माणसाला त्याचा खरोखर उपयोग होईल.

प्रश्न : माझे वडील मोटरमन होते. जपानी चालक केबिनमध्ये एकटाच असताना हातवारे करून बोलतो, असे मी चित्रफितीत पाहिले. त्याचा काही उपयोग असतो का? आणि काही सेकंदांसाठी चालकाला धारेवर धरणे योग्य आहे का?
एक वाचक, कल्याण

उत्तर : हातवाऱ्यांचा उपयोग निश्चित असतो. चालकाच्या पुढ्यातील खाचेत घड्याळ बसवलेले असते, शेजारी त्या फेरीचे वेळापत्रक लावलेले असते आणि त्यात सेकंदही छापलेले असतात. पांढरा हातमोजा घातलेले बोट आधी त्या वेळेवर जाते, मग घड्याळावर, मग सिग्नलकडे, आणि जे दिसले ते तो मोठ्याने उच्चारतो. डोळा, हात, तोंड आणि कान एकाच कामाला जुंपल्यामुळे सवयीने होणारी चूक टळते. जपानच्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेच्या १९९४ मधील चाचणीत साध्या कामांतील चुका यामुळे सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्या होत्या. आपल्याकडेही लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नलचा रंग हाताची खूण करून एकमेकांना मोठ्याने सांगतात. लोकलच्या केबिनमध्ये आपले वडील एकटे असत आणि गार्डच्या दोन घंटांवर गाडी सोडत, म्हणून त्यांच्यासारख्यांना ही सवय अधिकच उपयोगाची.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जपाननेच फार मोठी किंमत मोजून दिले आहे. २५ एप्रिल २००५ रोजी सकाळी ओसाकाजवळच्या फुकुचियामा मार्गावर २३ वर्षांच्या एका चालकाची गाडी इतामी स्थानकात थांबण्याच्या खुणेच्या पुढे निघून गेली. ती मागे घेण्यात वेळ गेला आणि सुमारे दीड मिनिटाचा उशीर झाला. तो भरून काढताना ताशी ७० किलोमीटरची मर्यादा असलेल्या अमागासाकीच्या वळणावर गाडी ताशी ११६ किलोमीटर वेगाने शिरली, रुळांवरून उतरली आणि एका निवासी इमारतीवर आदळली. चालकासह १०७ जण मृत्युमुखी पडले. अशा चुकीनंतर चालकाला फेऱ्यांवरून काढून दिवसचे दिवस निबंध लिहायला लावण्याची, अपमान करण्याची प्रथा तो मार्ग चालवणाऱ्या कंपनीत होती आणि त्या तरुणाने ती आधी भोगलेली होती. वेगावर लक्ष ठेवून गाडी आपोआप रोखणारी आधुनिक यंत्रणा त्या वळणावर बसवलेली नव्हती, आणि वेळापत्रकात उशीर भरून काढायला सवडही जवळपास ठेवलेली नव्हती.

म्हणून काही सेकंदांसाठी चालकाला धारेवर धरणे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दादरला गर्दीमुळे गाडी अर्धा मिनिट जास्त थांबली तर तो अर्धा मिनिट वेळापत्रक आखणाऱ्याने आधीच धरलेला असावा. तो मोटरमनने पुढे वेग वाढवून शोधायचा नसतो. फुकुचियामा मार्ग जून २००५ मध्ये पुन्हा सुरू करताना कंपनीने नवी यंत्रणा बसवली, सरळ मार्गावरची मर्यादा ताशी १२० वरून ९५ किलोमीटरवर आणि त्या वळणावरची ७० वरून ६० वर आणली, आणि वेळापत्रकात धावण्याचा वेळ वाढवून दिला.